उपप्रश्नाविना प्रश्नोत्तराचा तास

विधिमंडळाचे कामकाज ज्यांनी कधी प्रेक्षक गॅलरीत बसून पाहिले असेल त्यांना ठाऊक असेल की प्रश्नोत्तराच्या तासातील खरी गंमत छापील प्रश्नात नसते, उपप्रश्नात असते. तारांकित प्रश्न आधी गेलेला असतो, खात्याने त्याचे उत्तर बेतून दिलेले असते आणि तेवढ्यावर कोणताही मंत्री वेळ मारून नेऊ शकतो. मंत्र्यांना विषय कितपत कळला आहे, आणि कळला असल्यास ते काय लपवत आहेत, हे त्यानंतर उठणाऱ्या सदस्याच्या 'मग ते काम कोणत्या तारखेपर्यंत होणार?' या साध्या उपप्रश्नावर उघडे पडते. बीबीसीच्या 'क्वेश्चन टाइम' या कार्यक्रमाने संसदेतल्या याच तासाचे नाव घेतले आहे. प्रश्न सामान्य माणसांनी विचारायचे आणि उत्तरे राजकारण्यांनी द्यायची, इतकी त्याची सरळ मांडणी आहे. गेली दहाहून अधिक वर्षे हा कार्यक्रम पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की त्याने संसदेकडून नाव घेतले, प्रश्न घेतला, टाळ्या आणि आरडाओरडाही घेतला, पण उपप्रश्न मात्र घेतला नाही. आणि ज्या थोड्या प्रसंगी तो वाटेत कुठे सापडला, त्याच प्रसंगी हा कार्यक्रम खऱ्या अर्थाने पाहण्याजोगा झाला.

टीव्हीवरच्या कार्यक्रमाचे एखाद्या सेवेसारखे परीक्षण का करावे, असे कोणी विचारील. इथे ब्रिटनमध्ये बीबीसी फुकट मिळत नाही. टीव्ही पाहण्याच्या परवान्याचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला १७४.५० पौंड झाले, आणि एवढे पैसे मोजणाऱ्याने माल पारखून घ्यायला हरकत नसावी. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. भारतीय पारपत्रावर इथे कायदेशीर राहणाऱ्या माणसाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून थेट संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येते. ही गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांना इथे येऊन वर्ष-दोन वर्षे होईपर्यंत ठाऊक नसते. मी २०१४ मध्ये पुण्याहून आले तेव्हा मलाही ती माझ्या घरमालकीणबाईंनी सांगितली आणि मतदार यादीचा अर्ज स्वतःच समोर ठेवला. मत द्यायचे म्हणजे माणसे कळली पाहिजेत, म्हणून त्या हिवाळ्यात गुरुवारी रात्री दहाच्या बातम्या संपल्यावर टीव्ही बंद न करण्याची सवय मला लागली, ती अजून सुटलेली नाही.

कार्यक्रमाचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९४८ पासून चालत आलेल्या 'एनी क्वेश्चन्स?' या रेडिओवरील कार्यक्रमाचे हे दूरचित्रवाणीतले भावंड. पहिला भाग २५ सप्टेंबर १९७९ रोजी दाखवला गेला. ठिपक्यांच्या बो टायसाठी आणि त्याहून अधिक तिखट जिभेसाठी ओळखले जाणारे रॉबिन डे सूत्रसंचालक होते, आणि मंचावर मजूर पक्षाचे मायकेल फूट, हुजूर पक्षाचे टेडी टेलर, कादंबरीकार एडना ओब्रायन आणि लिव्हरपूलचे आर्चबिशप डेरेक वॉरलॉक असे चौघे होते. राजकारणी दोन आणि बाहेरचे दोन, हे प्रमाण आज वाचताना हेवा वाटतो. डे यांच्यानंतर पीटर सिसन्स आले, १९९४ पासून २०१८ च्या डिसेंबरपर्यंत डेव्हिड डिंबलबी यांनी पाव शतक ही खुर्ची सांभाळली, आणि जानेवारी २०१९ पासून ती फियोना ब्रूस यांच्याकडे आहे. मधल्या काळात पाहुणे चाराचे पाच झाले. हा पाचवा पाहुणा वरवर पाहता किरकोळ बदल वाटतो, पण माझ्या तक्रारीचे अर्धे मूळ त्याच्यातच आहे, आणि त्याचा हिशेब मी पुढे मांडणार आहे.

दर आठवड्याला गाव बदलते. कधी एखाद्या नगरभवनात, कधी विद्यापीठात, कधी समुद्रकाठच्या एखाद्या उतरती कळा लागलेल्या गावात मंच उभा राहतो आणि समोर सुमारे दीडशे माणसे बसतात. या माणसांना आधी अर्ज करावा लागतो. अर्जात कोणाला मत दिले, कोणत्या पक्षाचे सदस्य आहात का, असे विचारले जाते आणि त्यावरून सभागृहाची सरमिसळ साधली जाते. प्रश्न त्यांनी लिहून द्यायचे असतात. त्यांतले निवडक घेतले जातात, आणि पाहुण्यांना ते आधी दाखवले जात नाहीत. चित्रीकरण त्याच संध्याकाळी थोडे आधी होते, आणि त्याआधी माणसांचा संकोच जावा म्हणून एक सरावाचा प्रश्नही घेतला जातो. लांब दांडीचा मायक्रोफोन डोक्यांवरून झुलत येतो, आणि नाव माहीत नसल्याने सूत्रसंचालक 'मागच्या रांगेतील चष्मेवाले गृहस्थ', 'लाल स्वेटरमधील बाई' असे कपड्यांवरून माणसे निवडतात. मला हा भाग नेहमी आवडत आला आहे, कारण त्यात कोणाच्या हुद्द्याला वा शिफारशीला जागा नसते, केवळ स्वेटर चांगला असावा लागतो.

हे सारे कौतुक मी मनापासून करते, कारण आपल्याकडचा अनुभव वेगळा आहे. पुण्यात असताना एका वाहिनीच्या निवडणूक कार्यक्रमात मी मैदानावर श्रोता म्हणून बसले होते. ज्यांच्या हाती माइक गेला ती बहुतेक मंडळी पक्षांनी गाडीत घालून आणलेली होती, एकाने नेत्याचे नाव घेताच दुसऱ्या बाजूने घोषणा सुरू झाल्या, आणि आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने वहीच्या पानावर लिहून आणलेला पाण्याच्या टँकरबद्दलचा प्रश्न त्यांच्या पर्समध्येच राहिला. वाहिन्यांच्या रात्रीच्या चर्चांत तर प्रेक्षक नसतोच. असतात त्या सहा-आठ चौकटी, त्यांतले प्रवक्ते, आणि 'माझे वाक्य पूर्ण होऊ द्या' हे कधीच पूर्ण न होणारे वाक्य. त्या तुलनेत इथे कारकून, परिचारिका, शेतकरी, विद्यार्थी असा कोणीही मंत्र्याच्या तोंडावर प्रश्न टाकतो आणि सभागृह शांत राहते, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु प्रश्न टाकून झाल्यावर पुढे काय होते, ते पाहिले पाहिजे.

हिशेब सोपा आहे. कार्यक्रम एक तासाचा. प्रश्न चार, फार तर पाच. मंचावर पाच पाहुणे आणि एक सूत्रसंचालक. त्यातून अधूनमधून प्रेक्षकांची मते. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला बारा ते पंधरा मिनिटे येतात आणि एका पाहुण्याला त्यावर दोन मिनिटे मिळतात. दोन मिनिटे हा राजकारण्याच्या सोयीचा काळ आहे. तेवढ्यात प्रश्नकर्त्याला पहिल्या नावाने संबोधून त्याचे आभार मानता येतात, आपली आईही परिचारिका होती किंवा आपले वडील बस चालवत हे सांगता येते, आधीच्या सरकारने तिजोरी कशी रिकामी ठेवली होती याची आठवण करून देता येते, आणि शेवटी आवाज चढवून एक टाळीचे वाक्य टाकता येते. जुन्या संगीत नाटकात नट तान कुठे घेणार आणि पिटातून 'वन्स मोअर' कुठे येणार हे दोघांनाही आधीच ठाऊक असायचे, तसे या टाळ्यांचेही झाले आहे. टाळी पडली की पुढच्या पाहुण्याची पाळी येते, आणि ज्या माणसाने प्रश्न विचारला त्याच्या तोंडासमोरून मायक्रोफोन केव्हाच निघून गेलेला असतो. त्याला उत्तर मिळाले की नाही हे विचारण्याचा रिवाज नाही. कधी सूत्रसंचालक 'तुमचे समाधान झाले का?' असे विचारतात, पण तोपर्यंत पाच जण बोलून झालेले असतात आणि त्या बिचाऱ्याला आपण कोणाला काय विचारले होते ते आठवावे लागते.

आता उपप्रश्न घडला म्हणजे काय होते त्याचे उदाहरण. ३० एप्रिल २०१५ रोजी, सार्वत्रिक निवडणुकीला आठवडा राहिला असताना, लीड्सच्या नगरभवनात एक विशेष भाग झाला. हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन, मजूर पक्षाचे एड मिलिबँड आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग हे एकामागून एक, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आसपास, प्रेक्षकांसमोर एकटे उभे राहिले. मुलांसाठी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारी करसवलत, म्हणजे इथल्या भाषेत चाइल्ड टॅक्स क्रेडिट, कापण्याचा तुमचा बेत असल्याच्या अफवा एकदाच्या थांबवाल का, असे एका प्रेक्षकाने विचारले. कॅमेरन म्हणाले की आपल्याला तसे करायचे नाही. साप्ताहिक भाग असता तर इथे टाळी पडून पुढचा पाहुणा सुरू झाला असता. पण इथे पुढचा पाहुणा नव्हता, वेळ होता, आणि डिंबलबी यांनी तोच धागा पुन्हा पकडला: हे कधीही होणार नाही, अशी हमी देता का? कॅमेरन यांनी आपल्या सरकारने ही सवलत किती वाढवली ते सांगायला सुरुवात केली. डिंबलबी यांनी तिसऱ्यांदा विचारले, की मग ती कमी होणार नाही ना? तेव्हा उत्तर आले: कमी होणार नाही.

निवडणूक हुजूर पक्षाने जिंकली आणि ८ जुलैच्या अर्थसंकल्पात टॅक्स क्रेडिटमध्ये मोठी कपात जाहीर झाली. १५ ऑक्टोबर रोजी हाच कार्यक्रम डोव्हरला होता आणि मंचावर ऊर्जामंत्री अँबर रड होत्या. प्रेक्षकांतल्या एक बाई बोलू लागल्या. आपण हुजूर पक्षालाच मत दिले होते, मुलांचे बरे होईल असे वाटले होते, आपण राबराब राबतो तरी घरभाडे जेमतेम निघते, आणि जे करणार नाही म्हणालात तेच आता करत आहात. बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला, डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी मंत्र्यांना लाज वाटू द्या असे सुनावले. रड यांच्याजवळ त्या क्षणी देण्यासारखे उत्तर नव्हते. ही चित्रफीत दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरली. २६ ऑक्टोबरला संसदेच्या लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाने ही कपात रोखून धरली आणि २५ नोव्हेंबरला अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी ती मागे घेतली. त्या बाईंच्या रडण्यामुळे सरकार झुकले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल; कपातीला हुजूर पक्षातूनच विरोध वाढला होता, लॉर्ड्समध्ये बहुमत नव्हते, आणि युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीच्या नव्या एकत्रित योजनेतील कपात तर तशीच राहिली. तरीही एप्रिलमध्ये तीनदा विचारून काढून घेतलेले उत्तर नसते, तर ऑक्टोबरमधल्या त्या बाईंच्या संतापाला 'तुम्ही म्हणाला होतात' हा आधार इतका पक्का मिळाला नसता. लीड्स आणि डोव्हर हे दोन भाग मी एकच भाग मानते. मधल्या साडेपाच महिन्यांत प्रश्न तेवढा एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर गेला.

लीड्सच्या त्याच रात्री प्रेक्षकांनी मिलिबँड यांनाही सोडले नाही. आधीच्या मजूर सरकारने वाजवीपेक्षा जास्त खर्च केला हे मान्य आहे का, या प्रश्नाला त्यांनी स्पष्ट 'नाही' म्हटले आणि सभागृहात नाराजीची लाट उठली. एकामागून एक माणसे त्याच मुद्द्यावर परत येत राहिली. हा प्रामाणिकपणा होता की आत्मघात, यावर वाद होऊ शकतो, पण माणूस कोणत्या बाजूला उभा आहे ते तरी कळले. दुर्दैवाने जाताना मंचावरून उतरताना त्यांचा पाय किंचित अडखळला, आणि वर्तमानपत्रांत त्या अडखळण्यालाच उत्तराहून जास्त जागा मिळाली. दूरचित्रवाणीचा हा स्वभावच आहे आणि त्याला हा कार्यक्रम तरी काय करणार.

२ जून २०१७ च्या, पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर यॉर्क विद्यापीठात झालेल्या विशेष भागातही हेच दिसले. पंतप्रधान टेरेसा मे यांच्यासमोर एक परिचारिका उभी राहिली आणि २००९ च्या पगाराच्या पावतीवर जो आकडा होता तोच आजही आहे, हे न्याय्य कसे, असे तिने विचारले. सरकारी नोकरांच्या पगारवाढीवर तेव्हा एक टक्क्याची मर्यादा होती. मे यांनी परिचारिकांच्या कामाचे कौतुक केले, कठीण निर्णय घ्यावे लागतात असे सांगितले, आणि मग हलवले की पैसे पडतील असे जादूचे झाड आपल्याकडे नाही, असे त्या म्हणाल्या. उत्तर अर्थशास्त्राच्या दृष्टीने फारसे चूक नव्हते, पण आठ वर्षे तोच पगार घेणाऱ्या बाईच्या तोंडावर ते कसे वाजेल याचा अंदाज त्यांना आला नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस, निवडणुकीत बहुमत गमावलेल्या मे यांनी उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या पाठिंब्यासाठी त्या प्रांताला एक अब्ज पौंडांचा जादा निधी देऊ केला, तेव्हा ते झाड सापडले वाटते, असे टोमणे देशभर ऐकू आले.

याच भागाचा उत्तरार्ध मला अधिक विचार करायला लावतो. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांच्या पाळीला अण्वस्त्रे वापराल की नाही, हा प्रश्न एकाने विचारला, त्यांनी सरळ उत्तर टाळले, म्हणून दुसऱ्याने विचारला, मग तिसऱ्याने. इथे उपप्रश्न सूत्रसंचालकाने नव्हे तर प्रेक्षकांनीच आपापसांत वाटून घेतला होता. आणि मग एक तरुण मुलगी उठली आणि कोट्यवधी माणसे मारण्याची या खोलीतल्या सर्वांना एवढी घाई का झाली आहे, अशा अर्थाचे बोलली. सभागृहाचा सूर त्या एका वाक्यावर फिरला. प्रेक्षकाने नेत्याला विचारावे ही अपेक्षा असते. इथे एका प्रेक्षकाने दुसऱ्या प्रेक्षकांना विचारले. मंचावरच्या कोणत्याही पाहुण्याला हे सुचले नसते, आणि सुचले तरी त्याने मते जातील या भीतीने बोलले नसते.

प्रेक्षक म्हणजे केवळ प्रश्न नव्हे, आवाजही. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी शेफिल्डच्या भागात पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना विचारले गेले की आपल्या पदावरील माणसाने नेहमी खरे बोलणे किती महत्त्वाचे आहे. ते अत्यंत महत्त्वाचे आहे असे उत्तर त्यांनी देताच सभागृह हसले. कोणीही दुसरा प्रश्न विचारला नाही, विचारण्याची गरजही नव्हती. ते हसणे हाच उपप्रश्न होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बातम्यांत बीबीसीने हे उत्तर दाखवले तेव्हा मधले हसणे कापलेले होते. टीका झाल्यावर ती चूक झाल्याचे संस्थेने मान्य केले, आणि वेळ बसवताना ते गेले असावे यावर मी विश्वास ठेवायला तयार आहे. पण हसणे गेल्यावर त्याच चित्रफितीतले जॉन्सन एकदम गंभीर राजपुरुष दिसत होते, आणि प्रेक्षकाचा आवाज काढला की काय उरते याचा इतका स्वच्छ नमुना मी दुसरा पाहिलेला नाही. मार्च २०२० पासून महामारीमुळे सभागृह रिकामे झाले आणि पुढे काही काळ प्रेक्षक आपापल्या घरून पडद्यावर जोडले गेले, तेव्हाचे भाग आठवून पाहा. तेच मंत्री, तीच वाक्ये, पण टाळीच्या जागी शांतता. वाक्ये किती पोकळ आहेत हे त्या काळात लख्ख दिसले, आणि कार्यक्रम पाहवेनासाही झाला.

मात्र प्रेक्षक नेहमीच शहाणा असतो असे मानण्याचे कारण नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी झालेल्या भागात काही प्रेक्षकांनी अमेरिकेच्या धोरणांवर असा हल्ला चढवला की मंचावरचे माजी अमेरिकी राजदूत फिलिप लेडर अक्षरशः हादरले. दोन हजारांहून अधिक तक्रारी आल्या आणि बीबीसीचे महासंचालक ग्रेग डाइक यांना लेडर यांची माफी मागावी लागली. त्या भागात मांडलेली काही मते चर्चेला योग्यच होती, पण प्रेते अजून ढिगाऱ्याखाली असताना ती मांडण्याची वेळ नव्हती, एवढे तारतम्य समूहाला राहत नाही. २२ ऑक्टोबर २००९ चा भाग याहून गुंतागुंतीचा आहे. ब्रिटिश नॅशनल पार्टी या वंशवादी पक्षाला त्या वर्षीच्या जूनमध्ये युरोपीय संसदेत दोन जागा मिळाल्या होत्या, म्हणून त्याचे नेते निक ग्रिफिन यांना मंचावर बोलावण्यात आले. बाहेर निदर्शने झाली आणि सुमारे ८० लाख लोकांनी घरबसल्या तो भाग पाहिला. जवळजवळ संपूर्ण तास चारही पाहुणे, सूत्रसंचालक आणि प्रेक्षक मिळून एकाच माणसावर तुटून पडले. आशियाई वंशाच्या एका तरुणाने तर त्यांना दक्षिण ध्रुवावर जाण्याचे तिकीट काढून द्यायची तयारी दाखवली, कारण तिथला प्रदेश पूर्ण रंगहीन असल्याने तो तुम्हाला मानवेल. मी हा भाग नंतर पाहिला आणि त्या वाक्याला मोठ्याने हसले. पण भाग संपल्यावर लक्षात आले की घरे, नोकऱ्या, स्थलांतर यांवर त्या पक्षाचे म्हणणे नेमके कुठे खोटे आहे हे क्वचितच कोणी धीराने विचारले. सर्वांना आपण त्याच्या विरोधात आहोत हे दाखवायचे होते. ग्रिफिन यांनी पुढे आपल्यावर झुंड सोडल्याची तक्रार केली, आणि छळ झालेल्या माणसाचा आव आणण्याची संधी त्यांना आयती मिळाली. त्यांचा पक्ष पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत एकही जागा जिंकू शकला नाही, हे खरे. त्याचे श्रेय या भागाला द्यावे असे मला वाटत नाही.

मंचावर कोणाला बसवले जाते याबाबतही तक्रारीला जागा आहे. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे यासाठी मोहीम चालवणारे नायजेल फराज या कार्यक्रमात तीसहून अधिक वेळा येऊन गेले, आणि त्यातला बराच काळ त्यांना ब्रिटिश संसदेत निवडूनही येता आले नव्हते. ते बोलतात चांगले, सभागृह तापवतात, आणि निर्मात्याला ते हवेच असते. कार्डिफ विद्यापीठातील एका अभ्यासाने दाखवले की राजकीय पक्षांमधला समतोल बऱ्यापैकी राखला जातो, पण पाचव्या खुर्चीवर बसणाऱ्या पत्रकारांत 'स्पेक्टेटर' या उजव्या वळणाच्या साप्ताहिकाशी संबंधित मंडळींची संख्या लक्षात येण्याइतकी जास्त आहे. मला त्यांच्या उजवेपणापेक्षा त्यांचे वारंवार येणे खटकते. रोज कुठेतरी मत मांडून पोट भरणाऱ्या माणसाला निवडून यायचे नसते, म्हणून त्याला काहीही म्हणता येते. आणि ज्यांना जबाबदार धरायचे त्या मंत्र्यांची दोन-दोन मिनिटे त्यात खर्ची पडतात. आर्चबिशप आणि कादंबरीकार यांच्या जागी आपण स्तंभलेखक आणून बसवले, हा सौदा तोट्याचाच झाला.

फियोना ब्रूस यांच्याबद्दल इथे पुष्कळ बरेवाईट बोलले जाते. साप्ताहिक भागात त्या वाहतूक पोलिसाचे काम करतात आणि ते चोख करतात, त्यापलीकडे त्यांना वाव नसतो. पण २० जून २०२४ रोजी निवडणुकीच्या तोंडावर पुन्हा यॉर्कला झालेल्या विशेष भागात, एकेका नेत्याला अर्धा अर्धा तास मिळाला असता, त्यांची धार दिसली. कॉर्बिन थोर पंतप्रधान होतील असे तुम्ही २०१९ मध्ये म्हणाला होता, ते मनापासून होते का, हे त्यांनी मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते कीर स्टार्मर यांना पुन्हा पुन्हा विचारले. स्टार्मर यांनी तेव्हा मिळालेल्या बोरिस जॉन्सन यांच्यापेक्षा ते बरे ठरले असते, एवढ्यावर येऊन पाय टेकले. होय किंवा नाही असे उत्तर आले नाही, पण ते येत नाही हे सर्वांनी पाहिले. तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनाही, त्यांच्या पक्षाने योजलेल्या तरुणांच्या सक्तीच्या राष्ट्रीय सेवेला नकार देणाऱ्या तरुणांचे काय करणार, हे खोदून विचारल्यावर वाहन परवाना, बँकेच्या सोयी असे काहीबाही त्यांच्या तोंडून निघाले, जे जाहीरनाम्याच्या चकचकीत पानावर नव्हते.

तेव्हा ज्यांनी परवाना शुल्क भरलेच आहे अशा मराठी कुटुंबांना माझा सल्ला असा, की साप्ताहिक भाग पहिली वीस मिनिटे पाहावा. पहिला प्रश्न सहसा आठवड्यातला सर्वांत कळीचा असतो आणि पाहुणे तोवर एकमेकांना कंटाळलेले नसतात. पक्षाध्यक्षांचे विशेष भाग मात्र सबंध पाहावेत, शक्य तर दुसऱ्या दिवशी आयप्लेअर या बीबीसीच्या ऑनलाइन सेवेवर, म्हणजे उत्तर टाळले गेले असे वाटल्यास मागे जाऊन खात्री करता येते. घरात नव्याने आलेले आईवडील असतील तर त्यांना प्रेक्षक दिसतील असा भाग दाखवा, नुसते पाहुणे दिसतील असा नको. माझ्या आईला इंग्रजी बेताचे येते, तरी कोण बोलत आहे आणि कोण वेळ काढत आहे हे तिने दहा मिनिटांत ओळखले आणि एका मंत्र्याकडे बोट दाखवून 'हा आपल्या नगरसेवकासारखाच हात चोळतो' असे म्हणाली.

साप्ताहिक भागाला पाचपैकी अडीच तारे, विशेष भागांना साडेचार. पाहुणे तीनवर आणले, प्रत्येक प्रश्नकर्त्याकडे मायक्रोफोन दुसऱ्यांदा नेण्याचा नियम केला, आणि त्यासाठी पाचाऐवजी दोनच प्रश्न घेतले, तर साप्ताहिक भागालाही एक तारा मी आनंदाने वाढवून देईन.